राघोत्तमरावांची नवी पाटी

३ जून २०२५, मंगळवार

मान अडकली! वाळत घातलेली चादर वाऱ्याने उडाली म्हणून झटकन मागे पाहिलं — कट्ट! झालं. तेव्हापासून डावीकडे पाहायचं तर अख्खी मीच वळते. अथर्व कंपनीच्या बसला निघता निघता म्हणाला, "आई, अगदी टेबलफॅन दिसतेस." आपलाच मुलगा, आपणच लाडावून ठेवलेला, आपणच ऐकून घ्यायचं.

सूनबाई, नित्या, म्हणते तिच्या मामांकडे जाऊ. हे मामा आधी लष्करात होते, कारगिलच्या लढाईत होते, आणि आता लोकांचे मणके ठीक करतात. कायरोप्रॅक्टर. नाव उच्चारतानाच मान आणखी दुखली. म्हणजे इंग्रजी शिकलेला हाडवैद्यच ना? आणि लढाईवरून आलेल्या माणसाच्या हातात मान द्यायची? नको बाई. शेकायची पिशवी घेऊन बसले आहे.

५ जून, गुरुवार

पिशवीने काडीचा फरक नाही. गेले मुकाट.

दवाखाना जवळच, चेन्नईतल्या आमच्या या अड्यारच्याच एका आतल्या गल्लीत. बाहेरची पाटी समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पार खाल्लेली. नावातलं नेमकं 'उत्तम' तेवढं उडालंय. चांगली सुरुवात!

राघोत्तमराव साठीचे असतील. पाठ अशी ताठ, जणू राष्ट्रगीत चालू आहे. खाली पडलेलं पेन उचलायचं तरी गुडघ्यांत वाकून, पाठ सरळ ठेवून उचलतात. आणि तोंड उघडलं तर काय — "या विहीणबाई, हकडे बसा. मान हलवूं नका. कोठें दुखतें तें बोटानें दाखवा."

मी बघतच राहिले. साताऱ्याच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, पण ज्याच्या बोलण्यातले अनुस्वार ऐकू येतात असा माणूस आज पहिल्यांदा भेटला. तंजावरची ही मंडळी, तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेली. त्यांनी भाषा लोणच्यासारखी मुरवून ठेवलीय. आणि पुढच्याच वाक्यात "सरि, सरि, पोदुम!" — बरं, बरं, पुरे म्हणे. पूर्वार्ध बखरीतला, उत्तरार्ध तमिळ!

मानेला हात मात्र लावला नाही. हाताला मुंग्या येतात का, चक्कर येते का, पडला होतात का — नुसते प्रश्न. मग एक्स-रे काढून आणा म्हणाले. "आधी 'नाही' म्हणावयास शिकलों, मग उपचार शिकलों." मी मनाची तयारी करून गेले होते, ती फुकट गेली. रागच आला थोडा.

७ जून, शनिवार

एक्स-रे ठीक. मान मोडून घेतली! (तसं म्हणायचं नाही. "मोडणें न्हवे, विहीणबाई, सोडविणें." तो आवाज हाडाचा नसतो, सांध्यातल्या हवेचा असतो म्हणे.)

एक लांबट टेबल. पालथं झोपायचं, तोंड एका भोकात. त्या भोकातून दिसतं काय, तर फरशी, तिच्यावरची एक तडा गेलेली टाइल आणि राघोत्तमरावांचे तपकिरी कॅनव्हासचे बूट. पीटीचे. अजून तेच घालतात. सगळं चेन्नई दाराबाहेर चपला काढतं आणि हे आत बूट घालून! हे फक्त आत घालायचे, बाहेरचे वेगळे म्हणे.

हात ठेवण्याआधी मोठ्यांदा म्हणाले, "विश्राम!" मी दचकून जास्तच ताठ झाले. शाळेच्या कवायतीत हे मी दुसऱ्यांना म्हणायची, मला कोणी म्हणायची सवय नाही. माझ्या आधीच्या तमिळ मुलीला सुद्धा "विश्राम!"च. हिंदीला नाकं मुरडणाऱ्या या गावात गल्लीभर लोकांना हा एक हिंदी शब्द पाठ झालाय.

आणखी एक खोड — सारखं विचारतात, "आहांत का?" हात पाठीवरून फिरतोय, मधेच "आहांत का?" मी भोकातून म्हटलं, "आहे हो! जाते कुठं?" तरी थोड्या वेळाने पुन्हा. आणि 'आहात'वर अनुस्वार कशाला?

९ जून, सोमवार

मान डावीकडे वळली. वळून पहिल्यांदा काय दिसलं? शेजारच्या शेषाद्रींनी त्यांची कुंडी आमच्या बाजूला सरकवलीय. सरकवून परत दिली.

१४ जून, शनिवार

आज त्यांची थोडी कथा कळली. मीच खोदखोदून विचारली. मास्तरीण आहे, उत्तर आल्याशिवाय बसू देत नाही.

बँकेच्या परीक्षेचा क्लास बुडवून भरतीला गेले. वय एकोणीस. लष्कराच्या वैद्यकीय शाखेत नर्सिंग असिस्टंट झाले. नेमणूक झाली ती मराठी जवानांच्या पलटणीबरोबर. यांना वाटलं, चला, आपली भाषा! पहिल्या दिवशी जेवणाच्या लंगरमध्ये म्हणाले, "मज थोडें पाणी द्याल काय?" सगळी पलटण हसून लोळली. तेव्हापासून नाव पडलं — बखर.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"न्हवे! नांव ठेवलें म्हणजे आपलें मानलें."

लढाईत पाठ गेली. कशी, ते सांगितलं नाही. महिनोन्महिने पाठीवर पडून छताकडे पाहात होते. मग मलेशियात असलेल्या बहिणीने नेलं. तिथे एका कायरोप्रॅक्टरबाईंनी हळूहळू उभं केलं. उभे राहिले ते सरळ त्या बाईंच्याच कॉलेजात शिकायला गेले! मिशा पिकायला लागलेला माणूस, अठरा वर्षांच्या पोरांत पहिल्या बाकावर. बायको अलमेलू चेन्नईत शिकवण्या करून घर चालवत होती. पदवी घेऊन आले, दवाखाना उघडला. पुढे ती गेली. मूल नाही. तिचा फोटो दवाखान्यातच लावलाय, टेबलासमोर. "तिचें लक्ष असावें," म्हणतात.

माझे हे गेले त्यानंतर मी फोटो कपाटात ठेवला. रोज पाहवत नव्हता. ज्याची त्याची रीत.

२८ जून, शनिवार

आज काहीतरी चुकलं माझं. काय, ते कळत नाही.

खांद्याची एक गाठ दाबली, कळ थेट डोळ्यांत आली, आणि तेवढ्यात यांचं "आहांत का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "हाय की!" अगदी आमच्या खेड्यातलं. माझ्या आईचं. मी, वर्गात 'हाय' खोडून 'आहे' लिहिणारी बाई!

त्यांचे हात थांबले. नुसते थांबले नाहीत, उचलले गेले. बूट दिसेनासे झाले. बाहेर नळ सुरू झाल्याचा आवाज. परत आले तेव्हा हात ओले होते. निघताना "सावकाश जा" म्हणाले, पण माझ्याकडे न पाहता.

गावंढळ वाटलं असेल का? वाटू दे. नाही — वाटू नये असं वाटतं. हे काय नवीनच!

९ जुलै, बुधवार

आज जे झालं ते लिहूनच ठेवते.

त्या खाल्लेल्या पाटीकडे मला बघवेना. वाढदिवस जवळ आलाय त्यांचा (नित्याकडून कळलं), म्हटलं नवी करून देऊ. गल्लीच्या तोंडाशी नारायणस्वामींचं बोर्ड रंगवायचं दुकान. माझं तमिळ आता बऱ्यापैकी — भाजी, रिक्षा, भांडण, इतपत. पाटीला तमिळमध्ये काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना. राघोत्तमरावांचे कितीतरी मराठी शब्द तमिळमध्ये चालतात, तेव्हा हाही चालेल! ठणकावून म्हटलं, "डॉक्टरुक्कु पुदु पाटी वेणुम." डॉक्टरांना नवी पाटी हवी.

नारायणस्वामींनी ब्रश खाली ठेवला. कोणत्या डॉक्टरांना? म्हटलं, राघोत्तमरावांना. त्यांनी विचारलं, केवढी? मी हातांनी दाखवून सांगितलं — सहा फूट लांब, तीन फूट रुंद. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग, जुनी कुठे गेली? म्हटलं, जुनी खराब झाली, भंगारात देऊ. बिचाऱ्यांनी कपाळाला हात लावला. शेवटी विचारलं, हे डॉक्टरांना माहीत आहे का? मी म्हटलं, नाही, गुपचूप करायचंय, वाढदिवसाला एकदम दारावर लावून टाकू!

त्यांनी सरळ दुकानातून फोन केला. दोन मिनिटांत राघोत्तमराव गल्लीतून धावत — नाही, धावत नाहीत ते, कवायतीच्या चालीने — आले. ऐकलं. आणि हसायला जे लागले! भिंतीला टेकले, मग स्टुलावर बसले, डोळे पुसले, परत हसले. शेवटी मला सांगितलं.

तमिळमध्ये पाट्टी म्हणजे आजी. म्हातारी बाई!

म्हणजे मी भर बाजारात सांगितलं की डॉक्टरांना नवी म्हातारी हवी, सहा फूट लांब, आणि जुनी भंगारात! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

परत येताना एकदम लक्षात आलं, जुनी म्हणजे अलमेलूबाई. माझा चेहरा पडला असणार. ते म्हणाले, "ती असती तर माझ्या अगोदर हांसली असती. पुष्कळ दिवसांनीं तिचें हांसूं आठवलें. उपकार झाले." मग गल्ली संपेपर्यंत माझा व्याकरणाचा तास — "पाटी लिहितांना ट एक. पाट्टी लिहितांना ट दोन. विसरूं नका, टीचरम्मा!"

मला, शुद्धलेखन!

१० जुलै, गुरुवार

गल्लीत सगळ्यांना कळलंय. इस्त्रीवाला सुद्धा हसला. कोपऱ्यावरची फुलवाली विचारते, "पाट्टी मिळाली का?"

२६ जुलै, शनिवार

कारगिलचा दिवस. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे कुंडीवाले शेषाद्रीच. शाल, हार, माइक सगळं तयार करून बसले — राघोत्तमरावांचा सत्कार. राघोत्तमराव आले नाहीत. शेषाद्री चिडले, त्यांच्यावर नाही, माझ्यावर! म्हणून मी बघायला गेले.

दवाखाना बंद, पण दार लोटलेलं. आत ते टेबल पुसत होते. स्वच्छच होतं, तरी पुसत होते. म्हणाले, "मी गोळी झाडली नाही, विहीणबाई. मी माणसें वाहून आणलीं. शाल कसली?"

मी खुर्ची ओढली. बसले. आणि मग त्यांनी आपणहून सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहून ठेवते.

"वाट अरुंद आली म्हणजे स्ट्रेचर दोघांनींच धरावें लागे. मी पुढें. पुढच्यास जखमी माणसाचें तोंड दिसत नाही. मागच्यास दिसतें. मग मी विचारीत जावें — आहेस का? तो बोले, म्हणजे चालावयाचें."

शेवटचा मुलगा साताऱ्याकडचा होता. मिसरूड नुकतीच फुटलेली. काळोख पडत होता. हे विचारायचे, "आहेस का?" तो म्हणायचा, "हाय की, बखर!" पुन्हा विचारायचे. "हाय की!" एकदा तर म्हणाला, "बखर, तुझी मराठी ऐकून मरायचं बी सुचंना." उतरणीला हे विचारत राहिले, तो म्हणत राहिला. एका वळणावर विचारलं, उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. मागे वळून पाहायला गेले, आणि पाय घसरला. स्ट्रेचर सोडलं असतं तर पाठ वाचली असती. सोडलं नाही.

"त्याचें तोंड मी पाहिलेंच नाही. खालीं आणलें तेव्हां मीही शुद्धींत नव्हतों."

म्हणजे त्या दिवशी माझं ते "हाय की"!

मला रडू आलं. त्यांच्यासमोर आलं, लाज वाटली नाही. ते मात्र कापड घडी करत होते, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मी उठून कॉफी केली. दवाखान्याच्या मागेच त्यांचं घर; त्यांच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा गेले. डबे सगळे एका रांगेत, सावधान! कॉफी चांगली झाली नव्हती. दोघांनी सगळी प्यायली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

अथर्वला कंपनी जर्मनीला पाठवते आहे. तीन वर्षं. ऑक्टोबरात निघायचं. श्रीपेरुंबुदूरच्या त्या कारखान्यात रोज उजाडायच्या आत बसने जाणारा माझा मुलगा, त्याचं चीज झालं. देवापुढे साखर ठेवली.

रात्री जेवताना म्हणाला, "आई, तू चल आमच्याबरोबर." मनापासून म्हणाला. नित्याही, "आई, यू मस्ट कम मा, बर्फ बघू." पण त्या थंडीत मी कुणाशी बोलू? कुणाची कुंडी सरकवू? म्हटलं, मी आपली साताऱ्याला जाते. फ्लॅट आहे, पेन्शन आहे, काय कमी आहे?

सगळे "हो, तेही बरंय" म्हणाले. माझं बोलणं इतक्या लवकर पटायला नको होतं.

१६ ऑगस्ट, शनिवार

राघोत्तमरावांना सांगितलं. "सरि," म्हणाले. फक्त 'सरि'! बरं. ठीक. त्या सरिचा अर्थ काय लावायचा माणसाने? त्यानंतर खांदा दाबला तो नेहमीपेक्षा हळू.

घरी येऊन विनाकारण नित्यावर ओरडले. मग तिला भजी करून दिली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षकदिन. जुन्या विद्यार्थिनींचे फोन. सगळ्या साताऱ्याला कधी येणार विचारतात. मी "लवकरच" म्हणते आणि विषय बदलते.

खरं लिहू? इथे दुसरं कोण वाचतंय! मला साताऱ्याला जायचं नाही. त्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी दिवा लावला की तो लावलेला कुणाला दिसत नाही. इथे शनिवार आला की मी सकाळपासून केस नीट करते. पालथं झोपायचं, केस कोणाला दिसणार? तरी करते. या वयात! आरशाने सुद्धा तोंड फिरवावं.

संध्याकाळी राघोत्तमराव घरी आले. पाटीचा मजकूर मराठीतही हवा म्हणून कागदावर लिहून आणला होता, तपासून द्या म्हणाले. वाढदिवसाला व्हायची ती पाटी अजून मजकुरावर अडलीय. "मान, पाठ व मणके यांजवर उपचार केला जाईल. उपचार योग्य नसल्यास तसें सांगितलें जाईल."

'यांजवर'! 'तसें'! लाल पेन हातात होतं. टोपण लावून ठेवून दिलं. म्हटलं, "अगदी शुद्ध आहे."

ते म्हणाले, "टीचरम्मा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

२२ सप्टेंबर, सोमवार

नवरात्र बसलं. घरात अर्धी खोकी, अर्ध्या बाहुल्या. नित्या गोलूच्या, म्हणजे इकडच्या नवरात्रातल्या बाहुल्यांच्या, पायऱ्या मांडताना रडली — पुढच्या वर्षी कुठे मांडणार म्हणून. मी समजूत काढली. माझं तिकीट ४ ऑक्टोबरचं, शनिवारचं. नेमका शनिवार!

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्या आयुधपूजा, आपली खंडेनवमी, उद्या हत्यारांना सुट्टी. म्हणून शेवटची वेळ आजच घेतली.

पालथी झोपले. भोकातून तीच टाइल, तोच तडा, तेच बूट. "विश्राम!" झाले विश्राम. हात पाठीवरून चालले. वाटलं, हा तडा आता मी पुन्हा बघणार नाही. एवढंच वाटलं, आणि टप्पकन एक थेंब टाइलवर. मग दुसरा.

"आहांत का?"

बोलता येईना.

"आहांत का?"

आणि माझ्या लक्षात आलं, अगं, या माणसाचा हा प्रश्न रिकामा ठेवायचा नसतो! जगात दुसऱ्या कुणाचाही ठेव, याचा नको! पण आवाजच फुटेना. पाठीवरचे हात गेले. बूट वळले. मग फरशीवर एक गुडघा दिसला, मग दुसरा, मग टेकलेला तळहात. आणि मग, ज्याला साधं पेन वाकून उचलता येत नाही तो माणूस टेबलाखाली उताणा सरकत आला, आणि त्या भोकात, माझ्या तोंडाखाली, त्यांचं तोंड. पांढरंफटक.

"विहीणबाई!"

"हाय," मी म्हटलं. "हाय हो. हाय की!"

त्यांनी डोळे मिटले. छाती वरखाली होत होती. कितीतरी वेळ आम्ही तसेच, मी वर पालथी, ते खाली उताणे. एक थेंब त्यांच्या कपाळावर पडला, तो त्यांनी पुसला नाही. डोळे उघडले तेव्हा माझा चेहरा नीट पाहिला. सगळा. कोणी इतकं पाहिलं नव्हतं कित्येक वर्षांत.

"मग डोळ्यांत पाणी कां?"

"मला साताऱ्याला जायचं नाही," मी म्हटलं. म्हणून टाकलं! त्या भोकातून काहीही म्हणता येतं.

ते काहीतरी बोलणार होते. ओठ हललेही. आणि मग बोलले काय, तर — "विहीणबाई, मज उठतां येत नाही."

मीच उठले. मीच त्यांना कुशीवर वळवलं, गुडघे दुमडवले, काखेत हात घातला. ताठ झालेले लाकडासारखे! "विश्राम!" मी ओरडले, आणि तेव्हा कुठे अंग सैल सोडलं. उभं केलं. उभे राहिले, शर्ट झटकला, अलमेलूबाईंच्या फोटोकडे बघून थोडे ओशाळले. मी वाट पाहिली. म्हणतात, "उद्यां दवाखाना बंद आहे."

एवढंच! हात धरून उठवलेल्या बाईला एवढंच!

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. नित्याबरोबर जाऊन आले. टेबलाला चंदन-कुंकू लावलेलं, चारी पायांना. एक्स-रे बघायच्या दिव्यालाही. पीटीचे बूट धुऊन, कुंकू लावून ओळीत ठेवलेले. ते अनवाणी, पांढऱ्या वेष्टीत, इकडच्या धोतरात — वेगळेच दिसत होते. बरे दिसत होते.

नारायणस्वामींनी पाटी आणून दिलीय, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तीही पूजेत. "उद्यां लावूं, विजयादशमीस," म्हणाले. माझ्याशी बोलताना प्रसादाचं सुंदल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, दोनदा सांडलं.

परत येताना नित्या म्हणाली, "आई, मामा इतके नर्व्हस मी वॉरच्या फोटोंमध्ये सुद्धा बघितले नाहीत." मी म्हटलं, पाठ दुखत असेल.

२ ऑक्टोबर, दसरा

पाटी लागली. नारायणस्वामी शिडीवर, मी खालून "डावीकडे, जरा डावीकडे" — मान मागे टाकून, आणि मान दुखली नाही! 'राघोत्तम' पूर्ण. 'यांजवर' आहे तसं.

नारायणस्वामी शिडी घेऊन गेले. राघोत्तमराव शेजारी उभे. गल्लीकडे बघत म्हणाले, "टीचरम्मा, आणखी एक मागावयाची राहिली आहे. मागूं का? शब्द तोच. तुम्हीं बाजारांत सांगितलेला."

'विहीणबाई' नव्हतं.

मी म्हटलं, "नीट सांगा. एक ट की दोन?"

टाचा जुळल्या. हात मांड्यांना. अगदी सावधान.

"दोन."

"विश्राम," मी म्हटलं.

आत्ताच अथर्वला शनिवारचं तिकीट रद्द करायला सांगितलं. "का गं आई?" म्हणाला. म्हटलं, इथे शुद्धलेखनाचं काम निघालंय.